डावा हात

"काकू, दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबते." आज सांगलीत, विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टर आईला म्हणाल्या.

दाढेचं रूट कॅनाल चालू होतं. मध्येच आईचा हात वर गेला, तोही जेमतेम चार बोटं. मशीन त्याच क्षणी बंद. भुलीचं औषध आणखी थोडं दिलं, काही मिनिटं थांबल्या, "आता कळतंय का?" विचारलं आणि मगच पुढे.

त्याआधी शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारून लिहून घेतलं होतं. हत्यारांची सीलबंद पाकिटं आमच्यासमोर फोडली. वाफेत १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक, झाली की पाकिटावरची खूण रंग बदलते, तीही दाखवली. हे सगळं हवंच. पण माझ्या मनात तो हातच राहिला.

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात "काही होत नाही, गप पडा" ऐकून आई खुर्ची घट्ट धरून पडली होती. त्यानंतर तिनं दाढदुखी लवंगेवर काढली, पण दवाखान्याचं नाव घेतलं नाही. दाढ इथवर आली ती त्यामुळंच, असं मला ठाम वाटतं.

येताना रिक्षात बधिर ओठांनी म्हणाली, "माझा हात बघितला गं त्यांनी."