वेबसाइट नव्याने कधी करावी?

बेळगावात उद्यमबागेतले कारखानदार असोत, गणपत गल्लीतले दुकानदार असोत किंवा निपाणीचे व्यापारी असोत, भेट झाली की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "आमची वेबसाइट आता नवी करायला हवी का?" तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेबसाइट तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्याने 'हो, करूया' म्हणण्यात माझा लाभच आहे. तरीही विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी आधी डागडुजी करून घ्या, असेच सांगतो.

मालक आपली वेबसाइट वारंवार पाहतो, म्हणून तिचा कंटाळाही पहिल्यांदा त्यालाच येतो. गिऱ्हाईक कधीतरी येते आणि हवे ते सापडले की निघून जाते. त्यामुळे रंग जुने वाटतात किंवा शेजारच्या कारखान्याने नवी केली, ही कारणे मला पुरेशी वाटत नाहीत. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असा शेरा दिसत असेल, जो क्रोम ब्राउझर जुलै 2018 पासून दाखवतो, तर त्यासाठी एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे वेबसाइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारी सोय, बसवून घ्यावे. पान उघडायला वेळ लागत असेल तर आधी छायाचित्रांचे वजन, म्हणजे फाइलचा आकार, तपासावा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष आहे आणि बऱ्याचदा छायाचित्रे हलकी करूनच तो गाठता येतो. 2014 च्या नोव्हेंबरात बेळगावचे इंग्रजी नाव Belgaum चे Belagavi झाले, पण बाहेरगावचे खरेदीदार आजही दोन्ही स्पेलिंगांनी शोधतात, म्हणून वेबसाइटवर दिलेल्या दुकान-कारखान्याच्या पत्त्यात दोन्ही ठेवावीत. एवढ्यासाठी सगळे मोडून पुन्हा बांधण्याची गरज नसते.

मग गरज केव्हा असते? उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मला त्याचे उत्तर समोरच दिसले. मालक वेबसाइट दाखवत होते आणि प्रत्येक ओळ वाचण्यासाठी दोन बोटांनी पान मोठे करीत होते. फोन नंबर एका चित्राच्या आत होता, त्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लागत नव्हता. वेबसाइटवर फक्त पंपांचे कास्टिंग होते. प्रत्यक्षात शेजारच्या शेडमध्ये सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशिनवर व्हॉल्व्हच्या बॉडी तयार होत होत्या आणि त्याच कामावर कारखाना मुख्यतः चालला होता. तेवढ्यात पुण्याहून चौकशी आली. ऑफिसातल्या मुलीने वेबसाइटची लिंक न पाठवता व्हॉट्सअॅपवरून एक पीडीएफ पाठवली. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, वेबसाइट पाठवली की परत तेच सगळं फोनवर विचारतात." माझ्या मते हीच खरी खूण. आपलीच माणसे वेबसाइटला वळसा घालून काम करू लागली, की धंदा पुढे गेला आणि वेबसाइट मागे राहिली, असे समजावे. शिवाय गूगल आता मोबाइलवर दिसणाऱ्या आवृत्तीवरूनच पानांची नोंद घेते, त्यामुळे फोनवर न वाचता येणारी वेबसाइट शोधातही मागे पडण्याची शक्यता असते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आढळते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाची मराठी पाने युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. (युनिकोड म्हणजे कोणत्याही फोनवर मराठी अक्षरे मराठीच दिसावीत अशी अक्षरे साठवण्याची प्रमाण पद्धत.) तो फाँट नसलेल्या फोनवर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत आणि 'इरकल साडी' असे मराठीत शोधणाऱ्याला ते दुकान सापडणे शक्यच नव्हते. जिथे गिऱ्हाईक मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून येते, तिथे मजकूर मुळापासून युनिकोडमध्ये घेऊन तिन्ही भाषांची स्वतंत्र पाने करणे हे डागडुजीचे काम नव्हे. तिथे नवीनच बांधावी.

निर्णय घेण्याआधी एक करा. ज्याने तुमची वेबसाइट कधी पाहिलेली नाही अशा माणसाच्या हाती फोन द्या, एखादी वस्तू आणि तुमचा नंबर शोधायला सांगा, आणि तो शोधत असताना मध्ये अजिबात बोलू नका. तो कुठे अडतो ते लिहून ठेवा. नवी करायचे ठरलेच, तर त्या कागदासोबत जुन्या पानांच्या पत्त्यांची यादीही घेऊन या. प्रत्येक जुना पत्ता 301 रीडायरेक्टने, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणाऱ्या कायमच्या सूचनेने, नव्या पानाकडे वळवावा लागतो, नाहीतर इतक्या वर्षांत गूगलवर मिळवलेली जागा हातची जाऊ शकते.