वीस डिग्रीचा आकडा आणि मे महिन्यातलं गोडाऊन

कुठल्याही सॉल्व्हंटची एसडीएस, म्हणजे मालासोबत येणारी सेफ्टीची माहितीपत्रिका उघडा, नवव्या सेक्शनमध्ये व्हेपर प्रेशर (लिक्विडच्या वाफेचा दाब) दिलेलं असतं, बहुतेक वेळा २० डिग्रीला, कधी २५ ला. आता नागपुरात २० डिग्री म्हणजे थंडीतली गोष्ट. मे महिन्यात हिंगणा एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली ड्रम उभे असतात, दुपारी तिथे ४५ तर सहज होतं, आणि तरी रिस्क असेसमेंटच्या फॉर्मात लोक तोच २० वाला आकडा डोळे मिटून उतरवतात. डोकं फिरतं हो माझं.

टोल्यूइन या सॉल्व्हंटचंच घ्या. २० डिग्रीला साधारण २२ एमएम (पाऱ्याचे मिलिमीटर), ४५ ला ७४ च्या आसपास, म्हणजे तिपटीहून जास्त. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटर वर, त्यामुळे आपल्याकडे हवेचा दाब ७६० नाही, ७३० च्या घरात. म्हणजे बंद ड्रमच्या वरच्या रिकाम्या जागेत हिवाळ्यात ३ टक्के वाफ आणि मे मध्ये १० टक्के. टोल्यूइनची वाफ हवेत पेटते ती साधारण १.१ ते ७.१ टक्क्यांच्या मधे, त्याच्या वर नाही. "मग उन्हाळ्यात ड्रम जास्त सेफ झाला ना भाऊ?" असं एका सेफ्टीवाल्यानं खरंच विचारलं मला. अरे काहून सेफ? झाकण उघडलं की हवा मिसळणार, आणि १० वरून खाली येताना ती वाफ त्या ७ ते १ च्या पट्ट्यातूनच जाणार. पेटायचं सोडा, १० टक्के म्हणजे १ लाख पीपीएम (दहा लाखात एक लाख भाग), आणि एसीजीआयएच या अमेरिकन संस्थेची, कामगारानं श्वासात घ्यायची आठ तासांची मर्यादा आहे २० पीपीएम.

आमच्याकडे असल्या लिक्विडचं व्हेपर प्रेशर मोजायला आयसोटेनिस्कोप वापरतो. काचेचा छोटा बल्ब, त्याला लागूनच बारकी यू-ट्यूब, दोन्हीत सॅम्पलच. खरं काम डीगॅसिंगचं. व्हॅक्यूम लावून सॅम्पल हलकं उकळवायचं म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते, ती राहिली तर तिचाही दाब धरला जातो आणि आकडा फुगतो. मग बाथमध्ये टेम्परेचर स्थिर झालं की नायट्रोजन हळूहळू, अगदी थेंबथेंब म्हणतो तसा सोडायचा, यू-ट्यूबच्या दोन्ही बाजू एका लेव्हलला आल्या, म्हणजे नायट्रोजनचा दाब वाफेच्या दाबाएवढा झाला, की मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) वाचायचं. जरा घाई झाली की लिक्विड एका बाजूला पळतं, बसा परत. शंका आली तर पुन्हा डीगॅस करून तोच पॉइंट घ्यायचा, आकडा खाली आला तर समजायचं आधी हवा होती. (आणि हो, मे मध्ये २० डिग्रीला बाथ धरायला चिलर लागतो, ४५ वाला पॉइंट मात्र गच्चीवर फुकट निघेल.)

"साहेब एकच पॉइंट द्या ना, रिपोर्ट अर्जंट पाहिजे" हे तर नेहमीचंच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्हेपर प्रेशर मोजण्याची १०४ नंबरची गाइडलाइन स्वतःच सांगते की कमीत कमी दोन टेम्परेचरला मोजा, तीन किंवा जास्त असले तर बरं, तेही ० ते ५० च्या मधे. कारण दाबाचा लॉग आणि एक भागिले केल्विन टेम्परेचर असा ग्राफ काढला की जवळपास सरळ रेघ यायला पाहिजे. रेघ वाकली तर कुठेतरी हवा राहिली, नाहीतर सॅम्पलमध्ये काही हलकी भेसळ आहे, नाहीतर माल तापून तुटतोय. एका पॉइंटवरून यातलं काय डोंबल कळणार?

व्हेपर प्रेशर १०० पास्कलच्या (साधारण पाऊण एमएम) खाली असलेला माल असेल तर आयसोटेनिस्कोप कामाचा नाही, तिथे गॅस सॅच्युरेशन किंवा नुडसेन सेल अशा दुसऱ्या पद्धती, तो वेगळाच प्रपंच.

तर सप्लायरकडून माल घेताना ४५ डिग्रीचा आकडा मागा, नसेल तर अँटॉइनचे कॉन्स्टंट मागा (त्यांवरून कुठल्याही टेम्परेचरचं व्हेपर प्रेशर काढता येतं), ते कोणत्या टेम्परेचर रेंजचे आहेत तेही विचारा, आणि गोडाऊनमध्ये पत्र्याखाली थर्मामीटर टांगून दुपारी तीनला एकदा बघून या. फॉर्मवर आकड्याशेजारी टेम्परेचर लिहिलं नसेल तर मी फॉर्म सरळ परत पाठवतो. परवाच एकाचा पाठवला, तेव्हापासून कँटीनमध्ये बोलत नाही तो माझ्याशी.