लीड्सचे दूध, वडगावचे दूध

या दिवाळीत बेळगावला, वडगावच्या घरी पोहोचले त्याच दिवशी वहिनीने एक काचेची बाटली माझ्यासमोर ठेवली आणि मोठ्या विश्वासाने म्हणाली, "बघ की, आता आम्हीपण तुझ्यासारखंच करतोय." बाटलीत घरी केलेले बदामाचे दूध होते. रात्री भिजवलेले 10 बदाम सोलायचे, पाण्याबरोबर मिक्सरमधून काढायचे आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचे, असा रोजचा क्रम होता, आणि माझा 16 महिन्यांचा भाचा गेले 5 आठवडे म्हशीच्या दुधाऐवजी तेच पीत होता. फडक्यात उरलेला चोथा वहिनी वाया न घालवता आमटीत घालत असे; म्हणजे बदामातले बरेचसे सत्त्व मोठ्यांच्या ताटात जात होते आणि मुलाच्या वाट्याला पांढरे पाणी येत होते.

घरच्यांनी हे माझे पाहून केले होते, म्हणून मला हे लिहिणे भाग आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. माझी लेक 5 महिन्यांची असताना तिथल्या डॉक्टरांनी तिला गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असल्याचे निदान केले. वरचे दूध पाजले की तिच्या अंगावर चट्टे उठत आणि रात्र रात्र ती रडत असे. आधी खास प्रकारचा फॉर्म्युला आणि वर्ष उलटल्यावर, आहारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्याने, कॅल्शियम मिसळलेले बिनसाखरेचे सोयाचे आणि पुढे ओट्सचे दूध, असा आमचा प्रवास झाला. 2 वर्षांपूर्वी गावी आलो तेव्हा सुटकेसमध्ये ओट्सच्या दुधाची 8 खोकी भरून आणली होती. ती पाहून आई कळवळून म्हणाली होती, "गाईचं सोसत नाही तर म्हशीचं दे की. आपल्या गवळ्याचं आहे, समोर धार काढलेलं." आईची माया खरी होती, पण म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की अशी ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तीही चालत नाहीत. "सोसत नाही" या एका शब्दात आपण दोन वेगळे आजार एकत्र करतो. दुधातील साखर पचत नसेल तर पोट फुगते, ढाळ होतात, आणि तरीही दही अनेकांना पचते. ॲलर्जीत मात्र चमचाभर ताकही महागात पडू शकते.

घरच्यांनी खोकी पाहिली आणि ती लक्षात ठेवली. त्यामागचे दुखणे विसरले गेले.

"तिकडे सगळे मुलांना ओट्सचंच देतात म्हणे," असे मला गल्लीतही दोघीतिघींनी विचारले. तसे मुळीच नाही. ब्रिटनमध्ये 5 वर्षांखालील मुलांना पाळणाघरात रोज 189 मिलिलिटर दूध मोफत देण्याची सरकारी योजना आहे आणि ते दूध गाईचे असते. आपल्याकडेही कर्नाटकाच्या क्षीरभाग्य योजनेत 2013 पासून सरकारी शाळांतील मुलांना, त्यांत आपल्या मराठी शाळांतील मुलेही आली, 150 मिलिलिटर दूध मिळते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला असा आहे की वर्षाच्या आत गाईचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, वर्षानंतर साय न काढलेले दूध द्यावे, आणि वनस्पतिजन्य पेय द्यायचेच असेल तर ते बिनसाखरेचे व कॅल्शियम घातलेले असावे. तांदळाचे पेय मात्र 5 वर्षांपर्यंत दुधाऐवजी देऊ नये, कारण त्यात आर्सेनिक असू शकते.

खोक्यावरची बारीक अक्षरे वाचण्याची मला तिथेच सवय लागली. गाईच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. सोयाचे त्याच्या जवळपास जाते, ओट्सचे साधारण 1 ग्रॅमवर थांबते आणि बदामाचे बहुधा अर्ध्या ग्रॅमवर. कॅल्शियम दुधाइतके, म्हणजे 120 मिलिग्रॅम, लिहिलेले असले तरी ते कंपनीने वरून घातलेले असते आणि तळाशी बसते. एकदा मी रिकामे खोके कात्रीने कापून पाहिले, तर तळाच्या घडीत चुन्यासारखा पांढरा थर चिकटला होता. आठवडाभर न हलवता ओतलेले लेकीचे कॅल्शियम ते. सेंद्रिय म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या खोक्यांत तर पुष्कळदा असे काही घातलेलेच नसते. वहिनीच्या 10 बदामांत मिळून 30 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेही गाळण्यापूर्वी.

देश बदलला की हिशेब बदलतो, हे मला फार उशिरा उमगले. ब्रिटनमधले बहुतेक मीठ आयोडीनयुक्त नसते, म्हणून तिथे आयोडीन मुख्यतः दुधातून मिळते आणि दूध सोडणाऱ्याला ते खोक्यावर शोधावे लागते. आपल्या मिठात ते असतेच. पण आमचे घर माळकरी, अंडी-मासे वर्ज्य. अशा घरात बी-12 हे जीवनसत्त्व लेकराला दूध-दह्याखेरीज जवळजवळ कुठूनच मिळत नाही. शेजारच्या घरात रोज अंडे शिजत असेल तर त्यांना जे चालेल, ते आम्हाला चालेलच असे नाही. ज्यांना विचारपूर्वक प्राणिज पदार्थ सोडायचे आहेत त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या मुलांसाठी कॅल्शियम व जीवनसत्त्वे घातलेले सोयाचे दूध सर्वांत जवळचे, असे अमेरिकेतील 4 आरोग्यसंस्थांनी 2019 मध्ये मिळून सांगितले आहे. बी-12 कडे मात्र अशा घरांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेगळे लक्ष द्यावे. बेळगावात टिळकवाडीच्या दुकानात आता ओट्सची खोकीही मिळतात, पण मी उचलून पाहिलेल्या एका खोक्यावर कॅल्शियमचा उल्लेखच नव्हता.

भाच्याला घेऊन आम्ही त्याच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा खरा प्रकार कळला. पोराचे हिमोग्लोबिन 9 च्या आसपास, म्हणजे बरेच खाली आले होते. तो दिवसरात्र बाटलीने मिळून जवळजवळ लिटरभर म्हशीचे दूध पीत होता आणि भाताचे चार घासही खात नव्हता. दुधात लोह नगण्य असते आणि पोट दुधानेच भरले की जेवणातून येणारे लोहही येत नाही. डॉक्टरांनी "दूध कमी करा" असे सांगितले होते. घरी येईपर्यंत त्याचे "दूध बंद करा" झाले, आणि मग कोणाला तरी माझी खोकी आठवली. दुधात दोष नव्हताच, माप चुकले होते. आता डॉक्टरांनी लोहाचे थेंब चालू ठेवून दिवसाला 400 मिलिलिटरपर्यंत दूध, तेही पेल्यातून, आणि आधी जेवण असे ठरवून दिले आहे: मसुराची आमटी लिंबू पिळून, खानापूरहून येणाऱ्या नाचणीचे सत्त्व, मऊ भात.

पाडव्याला गवळ्यांनी म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसे बांधून रस्त्यावर आणल्या, तेव्हा आई लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती. आधी दूध घालून भाजलेले बिस्किट, मग पॅनकेक, मग चीज, अशी एकेक पायरी लीड्समध्ये चढून साडेतीन वर्षांच्या लेकीची ॲलर्जी या उन्हाळ्यात गेली, आणि त्या दुपारी तिने पहिल्यांदा दूध आटवून केलेला कुंदा खाल्ला. आईने बोटाला लागलेलाही तिच्या तोंडात घातला.

काल वहिनीचा फोन होता. भाचा आता ताटातला भात स्वतःच्या हाताने चिवडतो. बदाम अजून रोज भिजतात, पण ती ते गाळत नाही. बारीक वाटून नाचणीच्या खिरीत घालते.