दोन कटिंगचा ब्रेक

पंधरा दिवस गाडी चीं चीं करत होती. ब्रेक दाबला की जास्तच. पावसाने गंज धरला असेल म्हणून मी गाण्यांचा आवाज वाढवायचो. (माझी दुरुस्तीची पद्धत साधारण अशीच.)

शेवटी कापूरबावडीच्या गॅरेजवाल्याने चाक उतरवलं. मी कौतुकाने डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीला, बोट लावायला गेलो, तसा तो ओरडला, "साहेब, आत्ताच घोडबंदरवरून आलात ना? चटका बसेल!" मग डिस्कला दाबून धरणारा, घासून घासून जेमतेम 2 मिमी उरलेला पॅड त्याने दाखवला. त्याच्या कडेला पत्र्याची एक पट्टी. "पॅड संपत आला की ही डिस्कला घासते. ओरडायलाच ठेवलीय ती."

म्हणजे ती ओरडत होती आणि मी गाणी ऐकत होतो.

डिस्क तापते, कारण वेग असा हवेत विरत नाही. घर्षणाने त्याची उष्णता होते. बसल्या बसल्या हिशेब केला. हजार किलोची गाडी ताशी 60 वरून थांबवली, तर निघणाऱ्या उष्णतेत तीन कप पाणी उकळेल. पाम बीच रोड मोकळा बघून 120 गाठणाऱ्याचे मात्र सहा नाही, बारा कप होतात. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतरही तसंच, चौपट.

बरं, पॅड धरतो तो चाकाला. गाडीला धरतो तो रस्ता, तेही चार टायर मिळून चार तळव्यांएवढ्या जागेत. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल कालवून राड झाली की ही पकड सुटते. चाक जाम होऊन घसरायला लागलं की आणखीच कमी, कारण घसरणाऱ्या रबरापेक्षा फिरणारं रबर रस्ता घट्ट धरतं. म्हणून एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सेकंदात कित्येकदा ब्रेक सोडते, धरते. गायमुखच्या उतारावर पहिल्यांदा पायाखाली पेडल थरथरलं, तेव्हा काहीतरी तुटलं म्हणून मी देवाचं नाव घेतलं होतं! पुढच्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेक-लायनरचा जळका वास तेव्हा नाकात बसला, तो अजून आठवतो. तेव्हापासून तिथे ब्रेक तापू नयेत म्हणून मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो. मागचे हॉर्न वाजवोत बापडे.

नवे पॅड बसले. गॅरेजवाल्याने हात पुसत समोरच्या टपरीला हाक दिली, "दोन कटिंग!"

मी मनात आकडेमोड केली. दोन कटिंगला ताशी 35 चा एक ब्रेक पुरे.