घरचा सर्व्हर, घरचाच आहेर

“मी आहे रे अजून!” आई छताकडे बघून ओरडली, हातातलं पुस्तक डोक्यावर धरून दोनदा हलवलं, आणि दिवा लागला.

तिचं काही चुकत नव्हतं. ती वाचायला बसली की पान उलटण्यापुरतीच हलते. आणि कोपऱ्यात मी चिकटवलेल्या सेन्सरला फक्त हालचाल कळते. माणसाच्या अंगाची ऊब त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली, तर खोलीत कुणीतरी आहे. ऊब जागच्या जागी राहिली, तर खोली रिकामी. दहा मिनिटं वाट बघून तो इमानेइतबारे दिवा घालवायचा. मी दहाची वीस केली. आई वीस मिनिटंही तशीच बसली. मग तिनेच हा पुस्तक हलवायचा उपाय शोधून काढला, आणि दिवसातून चार-पाच वेळा आपण हयात असल्याची नोंद ती छताकडे करू लागली.

मला ते ऐकवेना. मी रडारवाला सेन्सर आणला. हा श्वासाबरोबर छाती वरखाली होते तेवढी हालचालसुद्धा पकडतो. आई खूश, मी खूश. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की खोलीत कुणी नसताना दिवा पहाटेपर्यंत जळतोय. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलत होता आणि रडारच्या मते तिथे कुणीतरी उभं होतं. आईचा शेरा: “आधीचा आंधळा होता, याला भुतं दिसतात.”

हे विकतचं दुखणं मी का घेतलं, असं घरातल्या प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने विचारून झालंय. उत्तर द्यायचं तर पहिल्या दिव्यापासून सुरुवात करावी लागते. तो फोनवरून लागायचा, रंग बदलायचा. मुलाने पहिल्या संध्याकाळी त्याला इतके रंग दाखवले की शेजारच्यांना काहीतरी समारंभ आहे असं वाटलं असावं. काही दिवसांनी सहज म्हणून त्याची वाट शोधत गेले, तेव्हा कळलं की मी फोनवर बोट टेकवलं की निरोप घराबाहेर पडतो, परक्या देशातल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून परत येतो, आणि मग माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर असलेला दिवा लागतो. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं म्हणतात, ते हेच. दोन वर्षांनी त्या कंपनीने एक गोड शब्दांतला मेल पाठवून ती ओंजळ काढून घेतली. ॲप बंद. दिवा शेवटच्या आज्ञेप्रमाणे जांभळा राहिला. भिंतीवरच्या बटणाने लागायचा, विझायचा, पण लागला की जांभळाच. अभ्यासाच्या टेबलावर जांभळा उजेड किती वाईट दिसतो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

मी एकटीच फसले असंही नाही. रिव्हॉल्व्ह नावाचं एक उपकरण होतं, घरातली सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणारं. २०१४ साली स्मार्ट यंत्रं बनवणाऱ्या नेस्ट कंपनीने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. उपकरणात बिघाड काहीच नव्हता. त्याला आज्ञा देणारा सर्व्हर गेला एवढंच, आणि लोकांच्या घरी एक चांगली धडधाकट डबी निरुपयोगी होऊन बसली. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा टंकताना चूक केली, हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले आणि इतर कंपन्या भाड्याने वापरतात ती साठवणुकीची अख्खी सेवा काही तास कोलमडली. गंमत म्हणजे ‘आमचं सगळं ठीक चाललंय का’ हे दाखवणारं त्यांचं पानही त्याच सेवेवर उभं होतं, त्यामुळे ते बराच वेळ सगळं आलबेल असल्याचं सांगत राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या सर्व्हरांची पुन्हा पडझड झाली तेव्हा त्यांच्यावर विसंबलेल्या एट स्लीप कंपनीच्या काही ग्राहकांच्या गाद्या अडकल्या. कुणाची तापलेली, कुणाची डोक्याकडून उचललेली. रात्री झोपायला गादीला इंटरनेट लागावं, यावर मी आणखी काय बोलू?

तर जांभळ्या दिव्याच्या त्या आठवड्यात मी स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला, पुसला, त्यावर लिनक्स ही फुकटची कार्यप्रणाली चढवली आणि होम असिस्टंट बसवलं, म्हणजे घरातली यंत्रं घरातूनच चालवणारा प्रोग्राम. २०१३ मध्ये पॉलस शाउटसेन नावाच्या प्रोग्रामरने हे सुरू केलं, आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक त्यासाठी लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत. आता फोनवरून दिवा लावला तर निरोप राउटरजवळच्या त्या लॅपटॉपपर्यंत जातो आणि परत येतो. बाहेरची तार तुटली तरी त्याला पत्ता लागत नाही. विजेचा हिशोबही मी करून ठेवलाय, कारण नवरा विचारणार हे ठाऊक होतं: सतत १० वॉट, म्हणजे दिवसाला पाव युनिटहून थोडं कमी, वर्षाला साधारण ८८ युनिट. शिवाय लॅपटॉप असल्यामुळे बॅटरी आयती मिळाली, वीज गेली तरी तास-दोन तास तग धरतो.

या सगळ्या यंत्रांची आपसातली भाषा मला फार आवडते. तिचं नाव एमक्यूटीटी. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लन निपर यांनी ती तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी बनवली. आडरानातल्या नळावरचा दाब उपग्रहामार्फत कळवायचा, आणि उपग्रहाचा प्रत्येक शब्द महाग. म्हणून ती इतकी मितभाषी की निरोपाचा मथळा दोन बाइटांतही मावतो. तेलाच्या नळांसाठी जन्मलेली ती भाषा आता आमच्या घरी ‘मागचं दार उघडं राहिलंय’ एवढंच सांगते. मला तरी यात तिचा अपमान वाटत नाही.

अर्थात यंत्रांची भाषा जमली म्हणून माणसांची जमतेच असं नाही. सुरुवातीला मी सगळीकडे स्मार्ट दिवे लावले आणि मोठी चूक केली. दिवा स्मार्ट, पण भिंतीवरचं बटण जुनंच. कुणी सवयीने बटण बंद केलं की दिव्याची वीजच तुटते. मग सर्व्हरने कितीही हाका मारल्या तरी तो ओ देणार कसा? वर माझे दिवे झिगबीवाले, म्हणजे झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलणारे. हे दिवे एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, एखाद्या साखळीसारखे. आईने बाल्कनीतला दिवा बटणाने घालवला की साखळीची एक कडी गळायची आणि मागच्या दाराचा सेन्सर मुका व्हायचा. आईला सांगितलं, “बटणाला हात लावू नकोस.” ती म्हणाली, “अगं, मग भिंतीवर कशाला ठेवलंयस?” मी बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. तिने त्या नखाने सोलून काढल्या, गोळी करून माझ्या कीबोर्डवर ठेवल्या.

पंधरा दिवस मी रुसून होते. मग वायरमनला बोलावलं, दिवे साधे केले आणि प्रत्येक बटणाच्या मागे, भिंतीच्या आतल्या डबीत, काडेपेटीपेक्षा लहान रिले, म्हणजे सर्व्हरचंही ऐकणारा छोटा स्विच, बसवून घेतला. आता बटण दाबलं तरी दिवा लागतो, सर्व्हरने सांगितलं तरी लागतो, आणि सर्व्हर मेला तरी बटण चालूच. या एका बदलाने घरात जेवढी शांतता आली तेवढी माझ्या बाकीच्या सगळ्या हुशारीने मिळून आली नाही.

दिव्यांवर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण ‘आपला हात जगन्नाथ’ एकदा डोक्यात शिरलं की थांबता येत नाही. घरचे फोटो आणले, पासवर्ड आणले, कॅलेंडर आणलं. जाहिराती अडवणारं पाय-होल आणलं. हे शेवटचं म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांनी वेबसाइटचं नाव उच्चारून पत्ता विचारायचं ठिकाण. जाहिरातवाल्यांचे पत्ते ते सांगतच नाही, म्हणून जाहिराती दिसत नाहीत. एका सकाळी मी ते अद्ययावत करायला घेतलं आणि ते अर्धवट झोपी गेलं.

मुलगा आला. “आई, इंटरनेट मेलं.”

“इंटरनेट चालू आहे,” मी म्हटलं. “फक्त नावांचे पत्ते सापडत नाहीयेत.”

मीटिंगमधून बाहेर पडलेला नवरा दारात उभा होता. “म्हणजे बंदच ना?”

यावर तांत्रिकदृष्ट्या अचूक असं पुष्कळ बोलता येतं. मी राउटरकडे वळले. पूर्वी बिघाड झाला की सगळे मिळून कंपनीला शिव्या घालायचो, त्यात एक कौटुंबिक एकोपा होता. आता कंपनी मीच. तक्रार निवारण केंद्र पण मीच, आणि ते अंघोळीला गेलं असलं तरी दार वाजतं.

बॅकअपची गोष्ट याहून गंभीर. फोटो आधी मी रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्याशा संगणकावर ठेवले होते, त्याच्या एसडी कार्डावर. कार्डाला सतत लिहिलेलं सोसत नाही. एक दिवस ते गेलं. फोटो माझ्या फोनमध्ये होते म्हणून वाचले, हे नशीब, व्यवस्था नव्हे. त्यानंतर मी नियम पाळते: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत कुलूपबंद करूनच पाठवते, म्हणजे ठेवणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. आणि महिन्यातून एकदा त्यातला एखादा फोटो खरोखर परत काढून बघते. ही सवय लागली ती प्रोग्रामरांचं काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीची हकिगत वाचून. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका अभियंत्याने दमलेल्या अवस्थेत भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि ऐनवेळी पाचांपैकी एकही भरवशाची निघाली नाही. योगायोगाने त्यानेच सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना लोकांना थेट दाखवलं. मला त्या अभियंत्याबद्दल अतोनात जिव्हाळा वाटतो.

ईमेल मात्र मी घरी आणली नाही. म्हणजे आणली होती, दीड महिना. पत्रं निघायची आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडायची, कारण घरगुती जोडणीवरून आलेल्या पत्राकडे मोठ्या मेलसेवा चोर आल्यासारखं बघतात. मुलाच्या शाळेला पाठवलेली चिठ्ठी पोचली नाही तेव्हा मी तो नाद सोडला. आता दुसऱ्याला पैसे देते, फक्त पत्ता माझ्या स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे माझ्या नावे नोंदवलेल्या वेब-नावावरचा ठेवलाय. उद्या सेवा बदलली तरी पत्ता तोच.

‘डिजिटल स्वातंत्र्य’ हा शब्द ऐकला की मला थोडं हसू येतं ते यामुळेच. माझा सर्व्हर ज्या प्रोग्रामवर चालतो तो मी कधीही न भेटलेल्या हजारो लोकांनी लिहिलाय, चिप कुणीतरी घडवलीय, वीज दुसरं कुणी देतं. मला नेमकं काय मिळालं, तर जुन्या आवृत्तीवर अडून बसायचा हक्क. नवीन आवृत्तीत माझं आवडतं बटण गायब झालं असेल तर मी ती घेणार नाही, आणि मला कुणी दटावणार नाही. फोटो साध्या फाइली म्हणून साध्या फोल्डरमध्ये आहेत, कुठल्याही संगणकावर उघडतात. तार उपटायची असेल तर ती माझ्या हाताच्या अंतरावर आहे. एवढंच, पण त्या जांभळ्या आठवड्यात मला एवढंच हवं होतं.

एक काळजी उरली होती. हे सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात. म्हणून मी एक शंभर पानी वही केली आणि लॅपटॉपशेजारी दोरीने बांधून ठेवली. राउटर कुठला, सर्व्हर कुठला, आधी काय चालू करायचं, मग काय, पासवर्ड कुठल्या पाकिटात. मजकूर साडेतीन पानं झाला, वर लाल शाईत सूचना: ‘घाबरू नये.’

मध्यंतरी कामासाठी पाच दिवस बाहेरगावी होते. दुसऱ्या संध्याकाळी फोनवर घर दिसेनासं झालं. दिवे नाहीत, सेन्सर नाहीत, काहीच नाही. मी घरून फोन येईल म्हणून वाट बघितली. साडेतीन पानं तोंडपाठ होती, कुणालाही फोनवर एकेक पायरी सांगायची माझी तयारी होती. फोन आला तो मुलाचा निळा शर्ट कुठे आहे हे विचारायला. मी आडून विचारलं, “बाकी सगळं ठीक?” “हो की,” नवरा म्हणाला.

परत आल्यावर बॅग न उघडताच लॅपटॉपकडे गेले. केर काढताना चार्जरची पिन निसटली होती आणि बॅटरी संपून तो बंद पडला होता. वहीत पहिल्या पानावरची पहिली पायरी होती, ‘चार्जरची पिन नीट बसली आहे का ते पाहावे.’ तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. वही मात्र उघडी होती. ‘घाबरू नये’च्या खाली, आईच्या तिरप्या अक्षरात:

‘मंगळवारपासून बंद. बटणं चालू आहेत. पडद्यातलं भूत पण गेलं. आलीस की बघ, घाई नाही.’