वरचा षड्ज राखून ठेवताना

सुपरहिरोचा हा चित्रपट पार्श्वसंगीतासाठी माझ्याकडे आला तेव्हा त्याच्यावर आधीच संगीत चढलेलं होतं. संकलकाने इतर चित्रपटांतले तुकडे आणून जवळजवळ प्रत्येक प्रसंगाखाली लावले होते. याला टेम्प म्हणतात. कापाकापी करताना लय सापडावी, निर्मात्यांना दाखवताना प्रसंग कोरडा वाटू नये, म्हणून ते लावावंच लागतं. पण दिग्दर्शक तेच संगीत महिनोन्‌महिने ऐकत असतो आणि हळूहळू त्याच्या कानाला ते चित्रपटाचं स्वतःचंच वाटायला लागतं. 1968 साली दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने '2001: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थने रचलेलं संगीत बाजूला ठेवलं आणि तात्पुरत्या म्हणून लावलेल्या जुन्या रचना कायम केल्या. नॉर्थला हे कळलं ते थेट चित्रपट पाहताना. पार्श्वसंगीताच्या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही गोष्ट कुठेतरी असते. म्हणून माझी पहिली विनंती एवढीच होती: मला एकदा अख्खा चित्रपट टेम्पशिवाय बघू द्या. नुसते संवाद आणि जे काही कच्चे आवाज असतील तेवढेच.

तसा पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. या चित्रपटातला नायक पहिला तास स्वतःपासून पळतोय. तो लोकांना वाचवतो, पण प्रत्येक वेळी घाईने, चुकवल्यासारखं, आणि लगेच दिसेनासा होतो. टेम्पमध्ये मात्र त्याने पोशाख चढवला की दर वेळी पूर्ण ब्रास विभाग, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, गर्जत होता. म्हणजे पडद्यावरचा माणूस एक सांगत होता आणि कर्णे भलतंच. दिग्दर्शकाला मी म्हटलं, ''याची थीम शेवटच्या लढाईपर्यंत पूर्ण वाजवायचीच नाही.'' तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''मग लोकांना ती ओळखू कशी येणार?'' प्रश्न अगदी रास्त होता, आणि पुढचं सगळं काम या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं.

थीम मी पियानोवरच बसवली. सुरुवात षड्ज-पंचमाने. या झेपेत एक मोकळेपणा आहे, आणि कर्णा-तुतारीसारख्या वाद्यांना ती निसर्गतःच येते. हवेच्या नळीतून निघणाऱ्या स्वरमालिकेतच ती आहे. वीरश्रीच्या संगीतात ती पिढ्यान्‌पिढ्या येते ती म्हणूनच. जॉन विल्यम्स यांच्या 1978 सालच्या 'सुपरमॅन'च्या संगीतातही ती आहे. पंचमावर पोहोचल्यावर कान आपोआप वरच्या षड्जाची वाट बघतो. मी तिथे कोमल निषाद ठेवला आणि त्यावरून धैवतावर उतरले. सा, प, कोमल नि, ध. बस्स. वरचा सा दिलाच नाही. तो राखून ठेवला. चार स्वर इतके वेळा ऐकवायचे की ते ओळखीचे होतील, आणि तरीही दर वेळी ऐकणाऱ्याला आत कुठेतरी वाटत राहील की अजून काहीतरी यायचंय.

खलनायकासाठी वेगळी सुरावट शोधत बसले नाही. तोही त्याच षड्जावरून निघतो, फक्त पंचमाऐवजी तीव्र मध्यमावर जातो. अर्ध्या स्वराचा फरक. कथेत दोघे एकाच घरात वाढलेले आहेत, त्यामुळे पहिला स्वर वाजला की कोण येतंय हे कळू नये, दुसऱ्यावर कळावं, असं मला हवं होतं. दिग्दर्शकाला हे वाजवून दाखवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की आता टेम्पचा प्रश्न मिटला.

मग स्पॉटिंग. दिग्दर्शक, संकलक, संगीत संकलक आणि मी, अशा चौघांनी प्रत्येक रीळ थांबत थांबत पाहायचं आणि ठरवायचं की संगीत कोणत्या फ्रेमवर सुरू होईल आणि कुठे सुटेल. प्रत्येक तुकड्याला क्यू म्हणतात आणि त्याला क्रमांक मिळतो: तिसऱ्या रिळातला दुसरा क्यू म्हणजे 3एम2. ही बैठक मला संपूर्ण प्रक्रियेतली सगळ्यात महत्त्वाची वाटते. संगीत कुठे नको, हे इथे ठरतं. दवाखान्यातल्या एका प्रसंगाखाली टेम्पमध्ये व्हायोलिन होती. आम्ही ती काढली, आणि नटीच्या श्वासातला कंप प्रथमच ऐकू आला.

ध्वनी संरचनाकारालाही मी त्याच आठवड्यात भेटले, आणि कुणालाही हेच सांगेन की ही भेट लवकर घ्या. मारामारीच्या प्रसंगात स्फोट, कोसळणाऱ्या भिंती, इंजिनं हे सगळं खालच्या कंपनसंख्यांमध्ये गर्दी करतं. तिथे मी मोठे ढोल आणि ट्युबा लिहिले असते तर दोघांचा मिळून चिखल झाला असता. त्याने सांगितलं की पुलावरच्या लढाईत खालचा सगळा पट्टा त्याला लागणार आहे. मग तिथे मी तळ सोडून दिला आणि व्हायोला-व्हायोलिनचा मात्रेला चार स्वरांचा धावता ठेका व मधल्या सप्तकात फ्रेंच हॉर्न, एवढंच ठेवलं. याउलट बोगद्यातल्या पाठलागात त्याने जागा दिली आणि मी पोटातून येणारे चेलो, डबल बास लिहिले.

चित्रपट लॉक झाला, म्हणजे संकलन पक्कं झालं, असं सांगतात, पण तो लॉक राहत नाही. पुलावरची लढाई मी मिनिटाला 144 मात्रांच्या लयीत बांधली होती. सेकंदाला 24 फ्रेम्स धरल्या तर या लयीत एका मात्रेला बरोबर 10 फ्रेम्स येतात, हिशेब सोपा राहतो. क्यू जवळपास तयार होता आणि निरोप आला की नायक पडतो त्या शॉटमधून 5 फ्रेम्स काढल्या आहेत. बघणाऱ्याला 5 फ्रेम्स जाणवणारही नाहीत, पण त्यानंतर संगीतातला प्रत्येक आघात चित्रापेक्षा अर्धी मात्रा उशिरा पडायला लागला. लय किंचित वाढवून हे जुळवता येतं. मी तसं केलं नाही. पडण्याच्या क्षणी चार मात्रांच्या एका आवर्तनातली शेवटची अर्धी मात्रा काढून टाकली, म्हणजे चार-चारचं आवर्तन तेवढ्यापुरतं सात-आठचं, म्हणजे सात अर्ध्या मात्रांचं, झालं. ठेका अडखळतो, नायकही अडखळतो, आणि पुढच्या मात्रेला दोघे सावरतात. हे आधी सुचलं असतं तर मी मुद्दामच केलं असतं.

संगणकावर नमुना वाद्यांमधून केलेला मॉकअप दिग्दर्शकाने मंजूर केल्यावर काम ऑर्केस्ट्रेटरकडे, म्हणजे सुरावटी वाद्यवृंदात वाटून देणाऱ्याकडे, जातं. माझ्या ऑर्केस्ट्रेटरबाई फार बारीक नजरेच्या. मॉकअपमध्ये बासरीचा खालचा स्वर ट्रॉम्बोनच्या वरून ऐकू येतो, कारण तिथे आवाजाची पट्टी वर सरकवता येते. खऱ्या दालनात तो स्वर ब्रासखाली नाहीसा होतो. अशा जागा त्या एकेक करून काढतात आणि सुरावट कोणाच्या हाती द्यायची ते ठरवतात. आमची सगळ्यात लांब चर्चा झाली ती थीमच्या पट्टीवर. दिग्दर्शकाला शेवट आणखी उंच, एफमध्ये, म्हणजे आपल्या सफेद चारमध्ये हवा होता. पण तिथे वरचा षड्ज हॉर्नच्या अगदी टोकाला जातो. दिवसभर वाजवून थकलेल्या ओठांना तो स्वर धोक्याचा. सफेद दोनमध्ये, म्हणजे डीमध्ये, तो स्वर चढाचा असतो पण हातचा असतो, आणि त्यात थोडा ताण ऐकू येतो. तो ताणच मला हवा होता. डी ठरला.

मग कॉपिस्ट प्रत्येक वादकाची स्वतंत्र स्वरलिपी काढतात. या लोकांविषयी फार कुणी लिहीत नाही. पान उलटण्याच्या जागी वादकाला विराम मिळेल अशी मांडणी करणं, फ्रेंच हॉर्न लिहिल्यापेक्षा पंचमाने खाली वाजतो म्हणून त्याची ओळ तेवढी वर लिहिणं, आवर्तनांचे आकडे मोठे टाकणं. वादक तो कागद रेकॉर्डिंगच्या दिवशीच पहिल्यांदा बघतात आणि पहिल्या-दुसऱ्या वाचनातच वाजवतात. कागदात खोट राहिली तर सगळं दालन थांबतं.

रेकॉर्डिंग तीन-तीन तासांच्या सेशनमध्ये झालं. तंतुवाद्यं आणि ब्रास वेगवेगळे ध्वनिमुद्रित केले, कारण पुढे संवादाखाली ब्रास तेवढा कमी करता यावा. जड ब्रासचे क्यू सलग लावले नाहीत; हॉर्न वादकांच्या ओठांना उसंत मिळावी म्हणून मध्ये हळुवार क्यू ठेवले. प्रत्येकाच्या एका कानावर हेडफोन, त्यात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक. फक्त अंत्यविधीच्या प्रसंगात आम्ही क्लिक बंद केली. तिथे पडद्यावर एक उभी रेघ सरकत येते, ती कडेला पोहोचली की चमक दिसते, आणि कंडक्टर त्या अंदाजाने लय ओढतो किंवा सैल सोडतो. पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखांनी तिथे गज उलटा, टोकाकडून वर घ्यावा असं सुचवलं. सगळ्यांनी पेन्सिलीने खूण केली. तीच ओळ पुन्हा वाजली तेव्हा स्वराची सुरुवात कळेनाशी झाली. तो आधीपासूनच तिथे असल्यासारखा उमटला. मी कंट्रोल रूममध्ये होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या लढाईचा क्यू ब्रासच्या दुसऱ्या सेशनच्या मध्यावर ठेवला होता, ओठ तापलेले पण थकलेले नसतात तेव्हा. सहा हॉर्न, एकाच स्वरात. सा, प, नि, ध, आणि मग पहिल्यांदाच वरचा सा. दोन टेक चांगले गेले. तिसऱ्याआधी हॉर्नच्या प्रमुखांनी विचारलं, ''इथे त्याला जिंकल्यासारखं वाटतंय की फक्त उभं राहता आलंय?'' मी म्हटलं, उभं राहता आलंय. त्यांनी मागे वळून सहकाऱ्यांना काहीतरी सांगितलं, आणि या वेळी तो स्वर आदळला नाही, आतून भरत वर आला. चित्रपटात तोच टेक आहे.

अंतिम मिश्रणासाठी संगीत स्टेम्समध्ये दिलं: तंतुवाद्यं, ब्रास, काष्ठवाद्यं, तालवाद्यं, गायकवृंद, सगळं वेगळं. मिश्रणात तो षड्ज सुरुवातीला कोसळणाऱ्या इमारतीखाली दबला होता. हॉर्न वाढवले तर ते कर्कश होत होते. ध्वनी संरचनाकार आपणहून पुढे आला आणि त्याने इमारतीचा गडगडाट नेमका तेवढा वेळ खाली घेतला. चित्रात ती कोसळतच राहते, आवाज मात्र हॉर्नचा येतो. दिग्दर्शकाने तो प्रसंग परत लावायला सांगितला, पूर्ण ऐकला आणि पुढच्या रिळाला हात घातला.