सिसिथची बंडी, नमुना चौथा: धुलाई क्रमांक 22 पर्यंतची नोंद

शिवणकामातल्या मंडळींनो, जूनमध्ये मी लिहिलं होतं की मुलाच्या सिसिथचा प्रश्न दिवाळीपर्यंत सोडवते. सुटला आहे, बराचसा. मध्ये तीन बंड्या वाया गेल्या. त्या का गेल्या तेच आज जास्त लिहिणार आहे, कारण माझं शिकणं तिथेच झालं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, ठाण्याचे. यहुदी पुरुष दिवसा अंगात चार कोपऱ्यांचं एक वस्त्र घालतात आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला दोऱ्यांचा गोंडा असतो. हिब्रूत त्याला तालित कातान म्हणतात, म्हणजे धाकटी शाल. आमच्या घरात आजोबांपासून नुसतं ‘सिसिथ’. आज्ञा तोरा या आमच्या धर्मग्रंथातली आहे, त्यातल्या गणना या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात आणि पुन्हा अनुवाद या पुस्तकाच्या 22 व्यात. बाजारात मिळतं ते म्हणजे एक लांबट चौकोन, मधोमध गळ्याचं भोक, बाजू उघड्या. शर्टाखाली ते सरकतं, गोळा होतं, आणि माझा चौदा वर्षांचा फुटबॉलवाला मुलगा ते संध्याकाळी दप्तराच्या तळातून काढून देतो. वॉशिंग मशीनमधून निघालं की चार गोंड्यांचा एकच गोंडा झालेला असतो.

माझी पहिली आयडिया मला फार हुशारीची वाटली होती. कोपरे सुटे करायचे! प्रत्येक कोपऱ्याचा तीन इंची तुकडा टिचबटणांनी लावायचा, धुताना काढून ठेवायचा. एक कोपरा करूनही झाला. शनिवारी टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर मी तो आमच्या एका वयस्कर काकांना सांगितला (दाखवला नाही, शनिवार म्हणजे शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी बाहेर काही वाहून न्यायचं नसतं, मग पिशवी कोण नेतं). त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळा, हे चालायचं नाही. दोरे बांधताना तो कोपरा त्याच कपड्याचा असायला हवा. आधी बांधलेला कोपरा आणून दुसऱ्या कपड्याला जोडला, तर ते सिसिथ झालंच नाही.” घरी येऊन यांनी पुस्तकात पाहिलं. खरंच तसं. नियमाचं सार एवढंच: ‘करा’, आधीच केलेलं आणून लावू नका. आधी चार कोपऱ्यांचा कपडा पुरा व्हायला हवा, मग दोरे.

हा नियम कळला आणि माझा सगळा विचारच फिरला. दोरे सुटे करता येत नाहीत, म्हणजे ते कपड्याबरोबरच धुतले जाणार. मग शहाणपण कापडात आणि शिवणीत घालायला हवं. शिवाय प्रत्येक टीप, प्रत्येक ठिगळ, प्रत्येक खिसा दोरे ओवण्याआधी पुरा व्हायला हवा. शिंप्याला ही शिस्त बरीच जड जाते. आपण ‘नंतर बघू’ म्हणून खूप काही ठेवतो.

कापडाची गोष्ट. ठाण्याच्या मे महिन्यात लिनन कोणाला आवडणार नाही? मंगलदास मार्केटमधून सुंदर पांढरं लिनन उचललं होतं, दोन मीटर. यांनी दुकानातच हात धरला असता तर बरं झालं असतं. आमचे गोंड्याचे दोरे लोकरीचे, इस्रायलमधल्या अश्दोदहून मावशी पाठवते. लोकर आणि लिनन एका वस्त्रात म्हणजे शातनेज, निषिद्ध. गंमत अशी की अनुवादात ही मनाई 22 व्या अध्यायाच्या 11 व्या वचनात आहे आणि गोंड्यांची आज्ञा लगेच 12 व्यात. शेजारी-शेजारी! त्या लिननचा माझा कुर्ता झाला. पॉलिएस्टरची जाळी लवकर वाळते, पण तसल्या कपड्याला गोंड्यांचा नियम लागू होतो की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. मतभेद अंगावर घालून कशाला फिरायचं? राहिलं सुती. लोकरीचे दोरे सुती कपड्याला चालतात. घेतलं केंब्रिक. आधी रात्रभर भिजवून आटवून घेतलं. एक मीटरला जवळजवळ तीन सेंटिमीटर गेले, तेही फक्त उभ्या धाग्यात.

ते तीन सेंटिमीटर महत्त्वाचे, कारण भोकाची जागा मोजून असते. दोरे ओवायचं भोक दोन्ही कडांपासून अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा जवळ नको आणि तीन अंगठ्यांच्या रुंदीपेक्षा लांब नको. मी साडेचार सेंटिमीटर धरते. बांधल्यानंतर कापड झिजून अंतर कमी झालं तर सिसिथ बाद होत नाही, हे काकांनीच सांगितलं. पण बांधताना माप बरोबरच हवं.

आता भोकं. पहिल्या नमुन्यात पितळेसारखी दिसणारी आयलेट ठोकली होती. जुलैचा ठाण्याचा पाऊस आणि दोन धुलाया, कोपऱ्यावर तांबूस गंजाचा डाग. त्याहून वाईट म्हणजे आयलेटची कड लोकरीला करवतीसारखी घासत होती. दुसऱ्यात मशीनचं काज केलं, पण काज लांबट असतं, गोंडा त्यात खालीवर सरकतो. शेवटी आजीची पद्धत: कोपऱ्याखाली त्याच कापडाचं पाच सेंटिमीटरचं चौकोनी अस्तर, टोच्याने भोक (कापून नव्हे, धागे बाजूला सारून), आणि भोवती हाताने दाट काजटाका. एका भोकाला पंचवीस मिनिटं लागतात. चारही कोपरे करताना मी एक जुनं मराठी कीर्तन ऐकते, ते संपतं तेव्हा शेवटचं भोक होतं.

कोपऱ्यावरून अजून एक. तिसऱ्या नमुन्याच्या कडा इंटरलॉक करायला बाहेर दिल्या. परत आल्या तेव्हा चारही कोपरे छान गोल वळवलेले! त्याची चूक नाही, मशीनवर असंच वळवतात. पण कोपरा गोल म्हणजे कोपराच नाही, आणि चार कोपरे नाहीत तर गोंड्यांची आज्ञाच लागू होत नाही. एवढं करून मी एक साधी बंडी शिवली होती. ती मुलगा झोपताना घालतो. आता कडा दुहेरी दुमडून साधी टीप, कोपरा तिरका दुमडून चौकोनी काढते. जाड होतो थोडा, चालतं.

चौथ्या नमुन्याचा आकार चौकोनाचा नाही, बिनबाह्यांच्या बनियनचा आहे. गळ्याला उरेब पट्टी, खांदे दीड इंच जास्त रुंद. त्यामुळे तो खाली सरकत नाही आणि खेळताना पोटाशी गोळा होत नाही. इथेही एक माप सांभाळावं लागतं: बाजू अर्ध्याहून जास्त उघडी पाहिजे, नाहीतर चार कोपऱ्यांचा कपडा न राहता तो नुसता सदरा होतो. काखेपासून खाली 46 सेंटिमीटर आहे. त्यातले वरचे 19 शिवले, खालचे 27 उघडे. चीर सुरू होते तिथे आतून त्रिकोणी ठिगळ, नाहीतर पहिल्याच मॅचला फाटेल.

आणि आता धुलाईचा खिसा, ज्याचा मला खरा अभिमान आहे. प्रत्येक कोपऱ्याच्या वर, आतल्या बाजूला, सात बाय नऊ सेंटिमीटरचा एक छोटा खिसा. धुण्याआधी गोंडा घडी करून त्यात घालायचा, टिचबटण दाबायचं, मशीनमध्ये टाकायचं. गुंता शून्य. पहिल्यांदा खिसे केंब्रिकचेच केले होते. ऑगस्टमध्ये बंडी वाळली पण खिसे ओले, दुसऱ्या दिवशी दोऱ्यांना ओल्या मेंढीचा वास. मग जुन्या मच्छरदाणीची जाळी कापली. आता खिसा कापडाआधी वाळतो. पोरगं फुटबॉल खेळतानाही गोंडे तिथेच कोंबतं, ते मी न पाहिल्यासारखं करते.

दोरे ओवायचं काम यांचं. त्या आज्ञेसाठी म्हणून हे करतो आहे, असं आधी म्हणून ओवायचं असतं. स्त्रियांनी ते बांधावं की नाही यावर जुनी चर्चा आहे, आमच्या घरी शिवणं माझं आणि बांधणं यांचं असं आपोआप ठरलं. एका भोकातून चार दोरे, मधोमध दुमडून आठ टोकं. त्यातला एक लांब, तो बाकीच्यांभोवती गुंडाळायचा. दुहेरी गाठी पाच आणि त्यांच्यामध्ये वेढे दहा, पाच, सहा, पाच: परमेश्वराच्या हिब्रू नावातल्या अक्षरांचे आकडे (हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो). अश्केनाझी, म्हणजे मूळचे युरोपातले यहुदी, सात, आठ, अकरा, तेरा घेतात. धुलाईसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते: पहिल्या धुलाईनंतर दोरे ओलसर असतानाच गाठी पुन्हा ओढून घट्ट करा, वाळल्यावर त्या तशाच बसतात. आणि आठही टोकांना बारीक गाठ मारा. लोकरीचा पीळ एकदा उलगडला की परत चढत नाही.

गार पाणी, सौम्य पावडर. ब्लीच तर अजिबात नाही. ब्लीच लोकर नुसती खराब करत नाही, विरघळवून टाकतं. सप्टेंबरात घरी मदतीला येणाऱ्या ताईंनी ‘पांढरे कपडे’ म्हणून बंडी वेगळ्या बादलीत घातली आणि एक अख्खा गोंडा तासाभरात बुळबुळीत झाला. मी सांगितलंच नव्हतं, चूक माझी. गरम पाण्यात घासलं तर उलट होतं, लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखे घट्ट बसतात.

ब्लीच बंद म्हणून ताईंनी पुढच्या खेपेला नीळ घातली. गोंडे फिकट निळे! मुलगा उड्या मारत आला, “आई, तेखेलेत झालं!” तोऱ्यात गोंड्यात एक निळा दोरा सांगितला आहे तो तेखेलेत. समुद्रातल्या एका गोगलगाईपासून तो रंग करत असत. मध्ये कित्येक शतकं ते ज्ञान हरवलं होतं, आता काही लोक म्युरेक्स गोगलगाईपासून पुन्हा तो काढतात. त्या गोगलगाईचा रंग खरं तर जांभळ्याकडे जातो, पण रंगाच्या द्रावणावर ऊन पडलं की तो निळीचा निळा होतो, रेणूसुद्धा तोच. आणि तालमुदात, म्हणजे आमच्या नियमांवरच्या जुन्या चर्चाग्रंथात, ताकीद आहे ती नेमकी झाडाच्या निळीबद्दल: ‘काला इलान’ने रंगवून तेखेलेत म्हणून खपवू नका. म्हणजे आमच्या बादलीतली लबाडी दीड हजार वर्षांपूर्वीच पकडली गेली होती. तीन धुलायांत नीळ उतरली.

आत्तापर्यंतचा हिशोब: बावीस धुलाया, कोपरे चारही शाबूत, एका गोंड्याचं एक टोक झिजून तुटलं. एक टोक गेलं तर बहुधा चालतं, पण काकांना दाखवून घेतलं. त्यांनी पास केलं. बंडी फाटली की दोरे सोडून दुसऱ्या कपड्याला बांधता येतात, ते चालतं. म्हणून मी आता दोऱ्यांवर खर्च करते आणि कापड स्वस्त घेते.

काकांनी चौथा नमुना हातात घेऊन उलटापालटा केला, जाळीच्या खिशात बोट घालून पाहिलं. त्यांना 44 छातीचा एक हवा आहे. अट एकच, समोरचा खिसा इतका मोठा हवा की त्यात चष्मा मावेल. “शनिवारी सोडून,” असं मी म्हणायच्या आधी तेच म्हणाले.